सशाची पॉलिक्लोनल अँटिबॉडी हाती आली; आता पहिला वेस्टर्न ब्लॉट कसा करायचा?

एमएस्सीचा प्रकल्प असो वा पीएचडीचं पहिलं वर्ष, प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या माणसाच्या हाती लवकरच एक इवलीशी ट्यूब येते. आत शंभर मायक्रोलिटर द्रव, म्हणजे जेमतेम दोन थेंब, आणि किंमत हजारो रुपयांत. लेबलवर 'रॅबिट पॉलिक्लोनल' आणि पुढे एका प्रथिनाचं नाव. तिचं पहिलं काम बहुधा वेस्टर्न ब्लॉट: पेशींतली प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करायची, पडद्यावर उतरवायची आणि अँटिबॉडीने, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूने, हवं ते प्रथिन बँडच्या, म्हणजे आडव्या रेघेच्या, रूपात दाखवायचं. बहुतेक जण ती अँटिबॉडी थेट स्वतःच्या नमुन्यांवर वापरतात. बँड दिसला की तोच आपला असं धरून चालतात आणि दिसला नाही तर अँटिबॉडी खराब आहे म्हणतात.

माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. ज्या नमुन्यांचं उत्तर आधीच ठाऊक आहे त्यांच्यावर आधी अँटिबॉडीची परीक्षा घ्या. ती त्यात उतरली की मगच तिला तुमचा प्रश्न विचारा. यात एखादा आठवडा जास्त जातो, पण पुढचे कित्येक महिने वाचतात.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षा एका खऱ्या प्रथिनावर सांगतो: कॅस्पेस-३. पेशी जेव्हा ठरवून मरते, म्हणजे अपॉप्टोसिस होतो, तेव्हा इतर प्रथिनांचे तुकडे पाडणारं हे एन्झाइम. निरोगी पेशीत ते सुमारे ३२ ते ३५ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) निष्क्रिय रूपात पडून असतं. मरणाचा आदेश आला की त्याचे तुकडे होतात आणि १७ ते १९ किलोडाल्टनचा मोठा व १२ किलोडाल्टनचा लहान भाग मिळून सक्रिय एन्झाइम तयार होतं. कर्करोगाची औषधं तपासणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत याचा ब्लॉट कधी ना कधी होतोच, आणि शिकण्यासारख्या बहुतेक अडचणी त्यात भेटतात.

ट्यूबमध्ये नेमकं काय आहे

सशाला परकं प्रथिन किंवा त्याचा तुकडा टोचला की त्याच्या शरीरातल्या बी पेशींचे अनेक वंश कामाला लागतात. एक वंश प्रथिनाची एक जागा ओळखतो, दुसरा दुसरी. अशा जागेला एपिटोप म्हणतात. काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा डोस दिले जातात, मग कानाच्या रक्तवाहिनीतून रक्त घेतलं जातं आणि गोठलेला भाग काढून टाकला की सीरम उरतं. त्यात या सगळ्या वंशांच्या अँटिबॉडी एकत्र असतात. म्हणून ती पॉलिक्लोनल. मुंबईच्या हाफकिनमध्ये घोड्यांच्या रक्तापासून बनणारं सर्पदंशावरचं इंजेक्शन हेही तत्त्वतः पॉलिक्लोनल अँटिबॉडीच आहे.

ससाच का? उंदरापेक्षा त्याचं रक्त कितीतरी जास्त मिळतं. शिवाय माणूस आणि उंदीर यांची पुष्कळ प्रथिनं इतकी सारखी असतात की उंदराच्या शरीराला माणसाचं प्रथिन फारसं परकं वाटतच नाही. सशाची प्रतिकारयंत्रणा अशा ठिकाणीही अनेकदा चांगला प्रतिसाद देते.

अनेक एपिटोप ओळखण्याचा फायदा वेस्टर्न ब्लॉटमध्ये चांगला जाणवतो. एसडीएस (प्रथिनं उलगडणारं डिटर्जंट) आणि उष्णता यांमुळे प्रथिनाचा आकार उलगडतो आणि एखादी जागा नष्ट झाली तरी दुसऱ्या जागा शिल्लक राहतात. एकाच रेणूवर अनेक अँटिबॉडी बसल्याने सिग्नलही वाढतो. तोटा त्याच गुणातून येतो. इतक्या प्रकारच्या अँटिबॉडींपैकी काही भलत्याच प्रथिनालाही चिकटू शकतात. आणि दुसरा तोटा, जो नवख्यांना उशिरा कळतो: प्रत्येक सशाचा प्रतिसाद त्याचा स्वतःचा असतो. तो ससा गेला की नेमकी तीच अँटिबॉडी पुन्हा मिळत नाही. कॅटलॉग क्रमांक तोच राहिला तरी लॉट बदलला की आतला माल बदललेला असू शकतो.

विकत घेण्याआधी: माहितीपत्रक वाचायचं कसं

माहितीपत्रकातला सुंदर फोटो सर्वांत शेवटी बघा. आधी इम्युनोजेनची ओळ शोधा, म्हणजे सशाला नेमकं काय टोचलं होतं ते. पूर्ण प्रथिन होतं, की बॅक्टेरियात बनवलेला तुकडा, की दहा-वीस अमिनो आम्लांचं कृत्रिम पेप्टाइड? पेप्टाइड एकटं फार लहान असतं, प्रतिसाद उठवू शकत नाही, म्हणून ते एखाद्या मोठ्या वाहक प्रथिनाला जोडून टोचतात.

कॅस्पेस-३ च्या बाबतीत ही एक ओळ सगळं ठरवते. हे प्रथिन १७५ व्या जागेवरच्या ॲस्पार्टिक आम्लापाशी कापलं जातं. काही रॅबिट पॉलिक्लोनल या कापामुळे उघड्या पडणाऱ्या टोकाविरुद्ध बनवलेल्या असतात. त्या फक्त कापलेला १७-१९ चा तुकडा ओळखतात आणि ३५ चं अखंड प्रथिन त्यांना दिसतच नाही. इतर काही अखंड आणि कापलेलं अशी दोन्ही रूपं दाखवतात. पहिल्या प्रकारची अँटिबॉडी निरोगी पेशींवर वापरली तर ब्लॉट कोरा येईल, आणि तो कोरा येणंच बरोबर आहे. माहितीपत्रक न वाचणाऱ्याला ते अपयश वाटतं.

त्यानंतर हे तपासा. कोणत्या प्राण्याच्या नमुन्यांवर ती प्रत्यक्ष वापरून पाहिली आहे आणि कुठे केवळ क्रमसाधर्म्यावरून चालेल असा अंदाज दिला आहे, यात खूप फरक असतो. कोणत्या तंत्रासाठी तपासली आहे तेही बघा; ऊतींच्या काचपट्टीवर उत्तम चालणारी अँटिबॉडी ब्लॉटमध्ये चालेलच असं नाही. शुद्धीकरण कसं केलं आहे? नुसतं सीरम असेल तर त्यात सशाच्या आयुष्यभराच्या सगळ्या अँटिबॉडी आल्या. प्रोटीन-ए (अँटिबॉडींना धरून ठेवणारं प्रथिन) वापरून शुद्ध केली असेल तर बाकीची प्रथिनं गेली, पण इतर अँटिबॉडी राहिल्या. ज्या अँटिजेनविरुद्ध बनवली त्याच अँटिजेनच्या स्तंभावरून काढलेली, म्हणजे ॲफिनिटी प्युरिफाइड असेल तर सर्वांत बरं. पैसे थोडे जास्त पडले तरी नवख्याने हीच घ्यावी असं मी म्हणेन.

स्वीडनमध्ये २००३ साली सुरू झालेल्या ह्यूमन प्रोटीन ॲटलासचा इथे उपयोग होतो. माणसाची जवळपास सगळी प्रथिनं ऊतींमध्ये कुठे आहेत हे शोधण्यासाठी त्यांनी हजारो अँटिबॉडी वापरल्या, आणि त्यांपैकी मोठा भाग ॲफिनिटी प्युरिफाइड रॅबिट पॉलिक्लोनलचाच आहे. प्रत्येकीचे फोटो आणि तिची विश्वासार्हता त्यांनी सर्वांना खुली ठेवली आहे. तुमचं प्रथिन कोणत्या पेशींत भरपूर असतं आणि कोणत्या पेशींत नसतं याची पहिली कल्पना तिथे फुकट मिळते.

तुमच्या प्रथिनासाठी चांगली तपासलेली रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल, म्हणजे ठरलेल्या जीनपासून पेशींत बनवलेली एकाच प्रकारची अँटिबॉडी, मिळत असेल तर ती घ्या; लॉटचा प्रश्नच मिटतो आणि नव्या प्राण्याची गरज उरत नाही. पण भरपूर प्रथिनांसाठी, विशेषतः ज्यांच्यावर फार कमी लोक काम करतात अशांसाठी, आजही सशाची पॉलिक्लोनल हाच हाताशी असलेला पर्याय असतो. आपल्याच संस्थेत नवी बनवून घ्यायची असेल तर प्राण्यांवरील प्रयोगांच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते. अर्ज, बैठक, दुरुस्त्या यांत वेळ जातो, तो नियोजनात धरा.

ट्यूब आली त्या दिवशी

परदेशातून मागवलेली अँटिबॉडी पोचायला कित्येक आठवडे लागतात, तेव्हा आल्यावर ती टेबलावर पडून राहू देऊ नका. बर्फ वितळला आहे का बघा, तारीख आणि लॉट क्रमांक वहीत लिहा. झाकण उघडण्याआधी काही सेकंद मायक्रोफ्यूजमध्ये फिरवा, कारण प्रवासात अर्धा माल झाकणाला चिकटलेला असतो.

अँटिबॉडी ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असेल तर उणे २० अंशांवर ती गोठत नाही आणि तशीच वापरता येते. ग्लिसरॉल नसेल तर दहा-दहा मायक्रोलिटरचे ॲलिक्वॉट, म्हणजे छोटे वाटे, करून गोठवा. एकदा वितळवलेला ॲलिक्वॉट चार अंशांवर ठेवून संपवायचा, पुन्हा गोठवायचा नाही. स्वतःचा बर्फ आपोआप वितळवणारा फ्रीजर यासाठी वापरू नका. त्याचं तापमान सतत खालीवर होत असतं. ट्यूब दारात न ठेवता आत मागे ठेवा, म्हणजे वीज गेली तरी त्या ठिकाणी थंडावा टिकतो.

परीक्षेचे नमुने

चार नमुने पुरतात. हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी), निरोगी. हेला पेशी, स्टॉरोस्पोरिन (अपॉप्टोसिस घडवणारं औषध) दिलेल्या. एक मायक्रोमोलर, तीन ते चार तास. आणि तशाच दोन प्रकारच्या एमसीएफ-७ पेशी. निरोगी पेशींनाही तितकंच डीएमएसओ द्यायचं, कारण औषध त्यातच विरघळवलेलं असतं.

एमसीएफ-७ का, हे समजून घ्या. स्तनाच्या कर्करोगाच्या या पेशींमध्ये कॅस्पेस-३ च्या जीनमधला ४७ बेस जोड्यांचा तुकडा गळालेला आहे, त्यामुळे त्या हे प्रथिन बनवूच शकत नाहीत. म्हणजे निसर्गानेच तयार केलेला नकारात्मक नमुना. त्या पट्टीत (जेलवरच्या त्या नमुन्याच्या उभ्या रांगेत) ३५ वर किंवा १७ वर बँड आला तर तो बँड कॅस्पेस-३ चा नाही, मग माहितीपत्रक काहीही म्हणो. एवढं स्वच्छ उत्तर देणारा नमुना प्रत्येक प्रथिनासाठी मिळत नाही. मिळतो तिथे तो न वापरणं हे मला खरोखर पटत नाही. फक्त आपल्याकडच्या एमसीएफ-७ मध्ये कुणी बाहेरून कॅस्पेस-३ चा जीन घातलेला नाही ना, हे विचारून घ्या. अशा पेशीही काही प्रयोगशाळांत असतात. दोन्ही पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवता येतात.

तुमच्या प्रथिनासाठी अशी पेशी नसेल तर एसआय-आरएनए वापरून प्रथिन कमी करा किंवा क्रिस्परने जीन काढलेल्या पेशी मिळवा. तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये अँटिबॉडी पारखण्याचे पाच मार्ग मांडले: जीन काढणं किंवा कमी करणं, अँटिबॉडी न वापरणाऱ्या पद्धतीशी पडताळा, वेगळा एपिटोप ओळखणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीशी तुलना, टॅग, म्हणजे ओळखखूण, लावलेलं प्रथिन, आणि अँटिबॉडीने पकडून आणलेल्या प्रथिनाची मास स्पेक्ट्रोमेट्री. पाचही करायची गरज नसते. पण एकही न करता पुढे जाऊ नये. पेप्टाइड मिसळून बँड गायब करून दाखवण्याची जुनी रीत या यादीत नाही, आणि ते योग्यच आहे. अँटिबॉडी त्या पेप्टाइडला चिकटते एवढंच त्यातून कळतं. पडद्यावरचा बँड कोणत्या प्रथिनाचा आहे ते कळत नाही.

नमुना गोळा करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, जी या प्रथिनापुरती फार मोलाची आहे. मरणाऱ्या पेशी डिशचा तळ सोडून माध्यमात तरंगतात. सवयीने माध्यम ओतून दिलंत तर ज्या पेशींत कापलेलं कॅस्पेस-३ आहे त्याच बेसिनमध्ये गेल्या. माध्यम वेगळ्या ट्यूबमध्ये घ्या, सेंट्रिफ्यूज करा आणि तळाशी बसलेल्या पेशी डिशवरच्या पेशींमध्ये मिसळा.

लायसेट ते जेल

पेशी थंड पीबीएसने (क्षारांचं साधं बफर) धुऊन बर्फावरच रिपा बफरमध्ये (डिटर्जंट असलेलं द्रावण) फोडा. बफरमध्ये प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिनं कापणारी एन्झाइम थांबवणारं रसायन) ऐन वेळी घाला. अर्धा तास बर्फावर ठेवून, मग चार अंशांवर जोरात फिरवून वरचा स्वच्छ द्रव, म्हणजे लायसेट, घ्या. प्रथिन मोजायला बीसीए पद्धत वापरा. रिपामधल्या डिटर्जंटमुळे ब्रॅडफर्ड या दुसऱ्या पद्धतीचा आकडा बिघडतो. बीसीएला मात्र सँपल बफरमधलं डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल चालत नाही, म्हणून मोजणी आधी आणि सँपल बफर नंतर.

हिशेब सोपा ठेवा. सगळे नमुने दोन मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटरवर आणले की १५ मायक्रोलिटर लायसेट आणि ५ मायक्रोलिटर चौपट सँपल बफर मिळून २० मायक्रोलिटरमध्ये ३० मायक्रोग्रॅम प्रथिन येतं. ९५ अंशांवर पाच मिनिटं तापवा. कॅस्पेस-३ साठी हे ठीक आहे. पेशीच्या पटलातून अनेकदा आरपार जाणारी प्रथिनं मात्र उकळल्यावर एकमेकांना चिकटून गोळा होतात, ती कमी तापमानावर तयार करावी लागतात.

आपला तुकडा १७ किलोडाल्टनचा, म्हणून जेल १५ टक्क्यांचं. ॲक्रिलामाइडचं द्रावण मज्जासंस्थेला विषारी असतं, तेव्हा हातमोज्यांशिवाय त्याला हात लावायचा नाही. एपीएस (जेल घट्ट करणारं रसायन) ताजं बनवा. जेल न गोठण्याचं कारण बहुतेक वेळा शिळं एपीएस असतं. वरच्या स्टॅकिंग जेलमधून ८० व्होल्ट, पुढे १२० व्होल्ट. निळा रंग खालच्या कडेच्या जरा वर असतानाच थांबवा. रंग बाहेर वाहून गेला तर लहान तुकडाही त्याच्या मागोमाग जाण्याची भीती असते. लॅडर (ठाऊक वजनांच्या प्रथिनांचं मिश्रण) असा घ्या ज्यात १० आणि १५ चे बँड आहेत.

ट्रान्सफर

जेलमधून प्रथिनं पडद्यावर उतरवण्याची ही पद्धत १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये टॉबिन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली, आणि तिचा गाभा आजही तोच आहे. ऋण ध्रुवाकडून स्पंज, कागद, जेल, पडदा, कागद, स्पंज, धन ध्रुव. एसडीएसमुळे प्रथिनांवर ऋणभार असतो, ती धन ध्रुवाकडे पळतात, म्हणून पडदा जेलच्या त्या बाजूला. काळी बाजू ऋण, लाल बाजू धन. पहिल्या वेळी हा क्रम कागदावर काढून समोर ठेवा, कारण उलटं लावलं तर सगळी प्रथिनं बफरमध्ये जातात आणि जेलही हातचं जातं.

पडदा पीव्हीडीएफ या प्लास्टिकचा, ०.२ मायक्रॉन छिद्रांचा. ०.४५ मायक्रॉनमधून १७ चा तुकडा आरपार जाऊ शकतो. पीव्हीडीएफ आधी मिथेनॉलमध्ये अर्धा मिनिट भिजवायचा, नाहीतर पाणी धरतच नाही. प्रत्येक थर ठेवल्यावर त्यावरून रोलर किंवा काचेची नळी फिरवून हवेचे बुडबुडे काढा. जिथे बुडबुडा, तिथे पडद्यावर गोल कोरा डाग. थंड बफर, बाहेरून बर्फ, १०० व्होल्ट, एक तास.

ट्रान्सफर झाल्यावर पॉन्सोने (प्रथिनांना लागणारा लाल रंग) पडदा रंगवा आणि त्याचा फोटो काढा. हे पाऊल गाळणारे खूप असतात. पाच मिनिटांत कळतं की सगळ्या पट्ट्यांत प्रथिन सारखं आहे का, बुडबुडे आले का, ट्रान्सफर नीट झालं का. उद्या अँटिबॉडीला दोष द्यायचा की ट्रान्सफरला, हे या फोटोवरून ठरतं. शिवाय तोच फोटो पुढे लोडिंगचा, म्हणजे प्रत्येक पट्टीत किती प्रथिन घातलं याचा, पुरावा म्हणूनही कामी येतो.

ब्लॉकिंग

पडद्यावरच्या मोकळ्या जागा भरल्या नाहीत तर अँटिबॉडी सगळीकडे चिकटेल. टीबीएसटीमध्ये (ट्वीन-२० हे डिटर्जंट घातलेलं क्षारांचं बफर) पाच टक्के दूध पावडर, एक तास, हळू हलवत. टीबीएसटीमध्ये ट्वीन-२० चं प्रमाण ०.१ टक्का. पावडर स्निग्धांशविरहित हवी. चहासाठी मिळणाऱ्या डेअरी व्हाइटनरमध्ये साखर आणि स्निग्धांश दोन्ही असतात, तो चालत नाही. द्रावण त्याच दिवशी बनवा. फॉस्फोरिलेशन (प्रथिनाला फॉस्फेट जोडलं जाणं) ओळखणारी अँटिबॉडी असेल तर दुधाऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या, कारण दुधातलं केसीन हे स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे.

प्रायमरी: इथे घाई नको

आता ती ट्यूब उघडायची. थेट प्रथिनाला चिकटणारी ही सशाची अँटिबॉडी म्हणजे प्रायमरी. माहितीपत्रकावर १:१०००, म्हणजे हजारपट पातळ करा, असं लिहिलेलं असतं. ती सुरुवात समजा. तुमच्या पेशी, तुमचा पडदा, तुमचं रसायन यांसाठी योग्य प्रमाण तुम्हालाच शोधायचं आहे. हेलाचे दोन्ही नमुने शेजारी शेजारी अशा चार जोड्या एकाच जेलवर चालवा आणि पडद्याच्या चार पट्ट्या कापा. एकीला १:५००, पुढच्यांना १:१०००, १:२००० आणि १:५०००. कापण्याआधी प्रत्येक पट्टीवर पेन्सिलने खूण करा.

जिथे खरा बँड स्पष्ट आहे आणि बाकी पडदा स्वच्छ आहे, ते तुमचं प्रमाण. नवख्यांचा कल जास्त अँटिबॉडी वापरण्याकडे असतो. पॉलिक्लोनलच्या बाबतीत तो बहुतेकदा उलटा पडतो. मुख्य अँटिबॉडीचा बँड आधीच पुरेसा गडद असतो, आणि प्रमाण वाढवलं की भलतीकडे चिकटणाऱ्या थोड्या अँटिबॉडीही दिसण्याइतक्या होतात. अँटिबॉडीची मूळ तीव्रता एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर १:१००० म्हणजे एक मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. वेगवेगळ्या कंपन्यांच्या अँटिबॉडींची तुलना या आकड्यावर करा, नुसत्या गुणोत्तरावर नाही.

चार अंशांवर रात्रभर, हलवत ठेवा. मोठ्या डब्यात दहा मिलिलिटर लागतात. पडदा ५० मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये, प्रथिनांची बाजू आत ठेवून गुंडाळला आणि रोलरवर लावला तर तीन-चार मिलिलिटरमध्ये भागतं. शंभर मायक्रोलिटरची ट्यूब अशाने दुप्पट-तिप्पट ब्लॉट पुरते. कार्यपद्धतीत जिथे खोलीचं तापमान असं लिहिलं असेल तिथे २० ते २५ अंश समजायचं. मे महिन्यात नागपूरच्या किंवा जळगावच्या प्रयोगशाळेत एसी बंद असेल तर खोलीचं तापमान या अर्थाने चालत नाही.

वापरलेलं द्रावण ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालून चार अंशांवर ठेवता येतं आणि काही वेळा पुन्हा वापरता येतं. सवय करण्याआधी दर वेळी सिग्नल किती उतरतो ते बघा. तुलना करायच्या ब्लॉटसाठी मात्र ताजंच द्रावण घ्या. अझाइड विषारी आहे, बाटलीवर तसं ठळक लिहा.

सेकंडरी आणि प्रकाश

टीबीएसटीने तीनदा, दहा-दहा मिनिटं, भरपूर द्रावणात धुवा. मग एचआरपी (उजेड पाडणाऱ्या अभिक्रियेचं एन्झाइम) जोडलेली गोट अँटी-रॅबिट सेकंडरी, म्हणजे सशाच्या अँटिबॉडीला चिकटणारी शेळीची अँटिबॉडी, १:५००० पासून सुरुवात, एक तास. या द्रावणात अझाइड अजिबात नको. अझाइड एचआरपीचं काम बंद पाडतं. पुन्हा तीनदा धुवा.

एक जास्तीची पट्टी अशी ठेवा जिला प्रायमरी लावलेलीच नाही, फक्त सेकंडरी. तिच्यावर जे बँड येतील ते तुमच्या सशाच्या अँटिबॉडीचे नाहीत.

ईसीएलचे (एचआरपीमुळे उजेड देणाऱ्या द्रावणाचे) दोन्ही भाग सारख्या प्रमाणात मिसळून पडद्यावर एक मिनिट ठेवा, जादा द्रव टिपा आणि फोटो घ्या. काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेगवेगळी एक्स्पोजर ठेवा. गडद बँड बघायला छान वाटतो, पण कॅमेरा संपृक्त झाला की त्यातून मोजमाप करता येत नाही. बँडचा मध्य पोकळ, पांढरा दिसू लागला तर तिथे एचआरपी इतकं जास्त आहे की सब्स्ट्रेट, म्हणजे ईसीएल, क्षणात संपून जातो. सेकंडरी आणखी पातळ करा.

ब्लॉट वाचणं

दोन्ही रूपं ओळखणारी अँटिबॉडी असेल तर चित्र असं अपेक्षित आहे. निरोगी हेलात ३५ च्या आसपास एक बँड. स्टॉरोस्पोरिन दिलेल्या हेलात तो फिका आणि खाली १७-१९ ला नवा. एमसीएफ-७ च्या दोन्ही पट्ट्या या दोन ठिकाणी कोऱ्या. इतकं जमलं तर अँटिबॉडी परीक्षेत उतरली.

एमसीएफ-७ मध्ये ५५ किंवा ७० वर एखादा बँड असेल आणि तो हेलातही तसाच असेल, तर तो अवांतर आहे. त्याने घाबरू नका, पण तो कुठे येतो ते लिहून ठेवा. अशी अँटिबॉडी ब्लॉटसाठी चालू शकते, कारण तिथे वजनावरून बँड वेगळे काढता येतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रंगवायला मात्र ती वापरू नका. तिथे खरा आणि अवांतर सिग्नल एकाच रंगात मिसळतो.

बँड नेमका हिशेबाच्या वजनावरच येतो असंही नाही. पी५३ चं हिशेबी वजन सुमारे ४४ किलोडाल्टन, पण जेलवर ते ५३ च्या आसपास धावतं आणि नाव त्यावरूनच पडलं. म्हणून ठरलेल्या जागेपासून थोडं दूर असणं हा दोष नव्हे. निर्णय वजनावरून नाही, नकारात्मक नमुन्यावरून घ्यायचा.

लोडिंग कंट्रोल, म्हणजे सगळ्या पट्ट्यांत प्रथिन सारखं आहे हे दाखवणारं दुसरं प्रथिन, निवडताना जीएपीडीएच टाळा. ते ३६-३७ किलोडाल्टनला येतं, म्हणजे अखंड कॅस्पेस-३ च्या जवळपास अंगावरच. ॲक्टिनही ४२ ला, फार लांब नाही. सोपी वाट अशी की ४० च्या लॅडर-खुणेवर पडदा आडवा कापायचा, वरच्या भागावर उंदराची मोनोक्लोनल ट्युब्युलिन, ५० ते ५५ ला येणारी, आणि खालच्या भागावर सशाची कॅस्पेस-३. दोन वेगळ्या सेकंडरी, एकमेकींत गोंधळ नाही. पडदा धुऊन दुसऱ्यांदा वापरण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण त्या धुण्यात थोडं प्रथिन निघून जातंच.

अपॉप्टोसिसचा दावा करायचा असेल तर एकाच अँटिबॉडीवर थांबू नका. त्याच लायसेटचा ८ टक्क्यांच्या जेलवर पार्प या प्रथिनाचा ब्लॉट करा. कॅस्पेस त्याला ११६ वरून ८९ किलोडाल्टनवर आणतं. दोन वेगळी प्रथिनं, दोन वेगळ्या अँटिबॉडी आणि एकच गोष्ट सांगतात, तेव्हा वाचणाऱ्याला शंका घ्यायला फारशी जागा राहत नाही.

बिघडलं तर कुठे बघायचं

बँडच नाही: आधी पॉन्सोचा फोटो. तिथे प्रथिन असेल तर सेकंडरी योग्य प्राण्याविरुद्ध आहे का, अझाइड शिरलं का, ईसीएल जुनं आहे का. सेकंडरीचा एक थेंब ईसीएलमध्ये टाकून अंधारात बघा. उजेड पडला तर ती जोडी ठीक आहे. मग हेलाचा स्टॉरोस्पोरिन नमुना. त्यातही बँड नसेल तरच अँटिबॉडीवर संशय घ्या.

सगळा पडदा काळा: धुणं कमी पडलं, अँटिबॉडी जास्त झाली, किंवा पडदा मधेच सुकला. पीव्हीडीएफ सुकू देऊ नका. ठिपके ठिपके: दूध नीट विरघळलं नाही, गाळून घ्या.

५० आणि २५ वर ठळक बँड: नमुना इम्युनोप्रेसिपिटेशनचा (अँटिबॉडीने प्रथिन पकडून वेगळं काढण्याचा) असेल तर हे अँटिबॉडीचेच जड आणि हलके भाग. पकडायला सशाची अँटिबॉडी वापरली आणि ब्लॉटलाही सशाचीच, तर सेकंडरी दोन्ही दाखवणार. पकडायला उंदराची वापरा.

वहीत काय लिहायचं

कंपनी, कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक, आरआरआयडी, मूळ तीव्रता, तुम्ही ठरवलेलं प्रमाण, ब्लॉकिंग कशात, एक्स्पोजर किती. आरआरआयडी हा प्रत्येक अँटिबॉडीला दिलेला कायमचा ओळखक्रमांक असतो आणि अनेक नियतकालिकं तो मागतात. न कापलेला पूर्ण ब्लॉट, लॅडरसकट, संगणकावर जपून ठेवा. शोधनिबंधात छापताना तुम्ही फक्त एक पट्टी दाखवाल, पण परीक्षक पूर्ण चित्र मागू शकतो.

चाचणीच्या चार नमुन्यांचं लायसेट भरपूर बनवून, लहान ॲलिक्वॉट करून उणे ८० अंशांवर ठेवा. प्रयोगशाळेत कॅस्पेस-३ चा ब्लॉट कुणीही करो, हेलाचे दोन आणि एमसीएफ-७ चा एक नमुना त्या जेलवर असलाच पाहिजे. आणि ट्यूब संपत आली की शेवटचे दोन ॲलिक्वॉट वापरू नका. नवा लॉट येईपर्यंत ते राखून ठेवा, मग एकाच पडद्याचे दोन भाग करून एकावर जुना लॉट आणि दुसऱ्यावर नवा लावा. बँड, अवांतर बँड आणि प्रमाण जुळलं तरच नव्या ट्यूबवर तुमचं पुढचं काम सुरू करा. नाही जुळलं तर १:५०० ते १:५००० ची ती चार पट्ट्यांची चाचणी नव्या लॉटसाठी पुन्हा करा.